चाळणीत राहिलेले आणि चाळणीतून गेलेले

घरातल्या ओल्या कचऱ्याचे खत करायला लागून मला आता सात वर्षे झाली. खत चाळण्याचा दिवस मी नेहमी मोकळा ठेवते, कारण ज्या ढिगाला महिनोन्‌महिने हवा, ओलावा आणि कोरडा पाला यांचा मेळ घालत सांभाळलेले असते, तो त्या दिवशी काळाभोर आणि भुसभुशीत होऊन हाती येतो. मागच्या वर्षीच्या अशाच एका दिवशी चाळणीवर राहिलेल्या बिया, काड्या आणि कवचांच्या चोथ्यात बोटाच्या पेराएवढे काही तरी चमकले. उचलून अंगठ्याने पुसले, तेव्हा तो फळांवर चिकटवलेला असतो तसला प्लास्टिकचा स्टिकर निघाला. त्याच्यावरचा चार आकडी क्रमांक स्वच्छ वाचता येत होता. ज्या फळावरून तो आला त्या फळाची साल, देठ, गर यांतले काहीही दहा महिन्यांनंतर ओळखू येण्याजोगे उरले नव्हते. ढिगाच्या पोटातले तापमान मधल्या काळात दोनदा ६० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊन आले होते. एवढे होऊनही स्टिकरच्या पाठीवरचा चिकट थर तेवढा गेला होता आणि बाकी सारे जसेच्या तसे होते.

त्याच्याजवळच दुसरा एक स्टिकर सापडला, पण तो अर्धाच होता. कडा दातेरी फाटलेली होती आणि उरलेला अर्धा भाग चोथ्यात खूप शोधूनही मिळाला नाही. माझ्या चाळणीची छिद्रे ५ मिलिमीटरची आहेत. म्हणजे तो भाग बारीक होऊन खाली खतात गेला होता, आणि त्या खताचा निम्मा हिस्सा तोवर मी वाफ्यांत पसरूनही झाला होता. पूर्ण स्टिकर मी उचलून सुक्या कचऱ्यात टाकू शकले. अर्ध्याचे मात्र मला काहीच करता आले नाही, आणि तेव्हापासून मी या विषयाचा जमेल तेवढा अभ्यास करत आहे.

५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिककणांना मायक्रोप्लास्टिक म्हणण्याचा प्रघात आता सर्वत्र आहे. हा शब्द रूढ झाला तो समुद्राच्या अभ्यासातून. प्लायमाउथ विद्यापीठातले सागरी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये किनाऱ्यावरच्या वाळूत आणि समुद्राच्या पाण्यात सापडणाऱ्या अशा कणांवर एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि त्यानंतर बरीच वर्षे सगळ्यांचे लक्ष पाण्याकडे राहिले. जमिनीतल्या कणांकडे पाहायला हवे, असे मृदापरिसंस्थांचे अभ्यासक माथियास रिलिग यांनी २०१२ मध्ये लिहिले. मधली आठ वर्षे मला बोलकी वाटतात. समुद्रात तरंगणारे प्लास्टिक डोळ्यांना खुपते, तर मातीत मिसळलेले माती होऊन गेल्यासारखे वाटते आणि आपण निश्चिंत होतो.

कंपोस्टच्या बाबतीत सर्वाधिक उद्धृत होणारे काम जर्मनीतल्या बायरॉइट विद्यापीठाच्या संशोधकांचे आहे आणि ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी जैविक कचऱ्यापासून खत करणाऱ्या निरनिराळ्या प्रकल्पांतले तयार खत तपासले, तेव्हा कोरड्या वजनाच्या एका किलोमागे १४ पासून ८९५ पर्यंत प्लास्टिककण आढळले. या आकड्यांत १ मिलिमीटरपेक्षा मोठे कण तेवढे मोजलेले आहेत, त्याहून बारीक कण हिशेबातच धरलेले नाहीत. तुलनेसाठी त्यांनी शेतात मुद्दाम पिकवलेल्या पिकांवर चालणाऱ्या जैववायू प्रकल्पांतला अवशेषही तपासला होता आणि त्यात प्लास्टिक जवळजवळ नव्हते, क्वचित एखादा कण मिळाला. या तुलनेने माझा एक गैरसमज दूर केला. प्लास्टिक खत करण्याच्या प्रक्रियेतून येत असावे, यंत्रांतून किंवा हवेतून येत असावे, असे मला वाटत असे. थोडेफार तसे येतही असेल, परंतु मुख्यतः ते कचऱ्याबरोबर येते आणि तो कचरा आपल्या ओट्यावरून निघालेला असतो.

ते ओट्यावरून कसे निघते, हे मी पुढचे दोन महिने रोज पाहिले. ओल्या कचऱ्याचा डबा खतात रिकामा करण्यापूर्वी मी तो पसरट थाळ्यात ओतायचे आणि हाताने चाचपायचे. सरळसरळ प्लास्टिक म्हणावे असे, म्हणजे आख्खी पिशवी किंवा बाटलीचे झाकण, त्यात एकदाही मिळाले नाही, कारण ते चुकूनही ओल्या कचऱ्यात पडत नाही इतकी सवय घरात सर्वांना आहे. मिळाले ते सगळे किरकोळ होते. पाकीट फोडताना कात्रीने उडवलेला कोपरा, हा तर इतक्या वेळा सापडला की अखेर मी कात्रीजवळ एक वाटीच ठेवली. भाजीची जुडी बांधलेला प्लास्टिकचा दोरा, फुलांच्या गुच्छाभोवतीची जाळी, पुठ्ठ्याबरोबर आलेली चिकटपट्टी, भांडी घासायच्या घासणीचे तुटलेले हिरवे धागे. टी-बॅग मी वर्षानुवर्षे बिनदिक्कत खतात टाकत आले होते, कारण ती कागदाची दिसते. प्रत्यक्षात अनेक टी-बॅगांचा कागद उष्णतेने चिकटावा म्हणून त्यात पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे धागे मिसळलेले असतात, आणि काही टी-बॅगा तर पूर्णच नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या जाळीच्या असतात. कागदी टी-बॅग ढिगात कुजली की चहाचा चोथा आणि कागद नाहीसा होतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारखा एक विरविरीत पांढरा पापुद्रा मागे राहतो. तो मी पूर्वी बुरशी समजत असे.

कागदाबद्दलचा हाच विश्वास आणखी बऱ्याच ठिकाणी खोटा ठरतो. कागदी पेल्याच्या आतल्या बाजूला पॉलिथिनचा पातळ थर असतो, म्हणून तर त्यात द्रव टिकतो. चकचकीत छपाईच्या वेष्टनांवर, अन्न बांधून आणलेल्या काही खोक्यांवर, गुळगुळीत कागदी ताटल्यांवर असाच थर असतो. पुठ्ठा खताला उत्तम, परंतु त्याच्यावरची चिकटपट्टी आणि पत्त्याचे लेबल सोलून काढले तरच. घराचा केर हाही असाच फसवा पदार्थ आहे. धूळ म्हणजे माती, असे समजून तो खतात टाकणारे पुष्कळ लोक मला माहीत आहेत, पण आपले कपडे, पडदे, गालिचे यांतला मोठा वाटा पॉलिएस्टरचा असल्यामुळे केरात त्याचे तंतू भरपूर असतात. भाजी चिरायचा पाट प्लास्टिकचा असेल, तर सुरीच्या प्रत्येक चिऱ्याबरोबर त्याचे सूक्ष्म छिलके निघून सालींना चिकटतात. ते वेचून काढणे कोणालाही शक्य नाही. मी लाकडी पाट वापरायला लागले, एवढाच त्यावर उपाय.

इतक्या चिमूटभर वस्तूंनी काय बिघडते, असा प्रश्न मला घरातूनच विचारला गेला, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी मी एक हिशेब मांडला. ओल्या कचऱ्यात बहुतेक पाणीच असते. उरलेल्या भागातलाही बराच कर्ब जीवाणूंच्या श्वसनात कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो, त्यामुळे १० किलो ओल्या कचऱ्याचे खत जेमतेम ३ किलो भरते. प्लास्टिक मात्र उडून जात नाही आणि आटतही नाही. त्या १० किलोंत ३ ग्रॅम प्लास्टिक असेल तर ते दहा हजारांत तीन भाग होते, तेच खत तयार झाल्यावर हजारात एक भाग होते. रस आटवताना त्यात पडलेल्या खड्याचे व्हावे तसेच हे आहे. आपण कचऱ्याचा डबा पाहून त्यात नगण्य प्लास्टिक आहे असे म्हणतो, तेव्हा तीनपटीने चुकत असतो.

दुसरा हिशेब वजनाचा आणि संख्येचा. १० सेंटीमीटर लांब, तितकीच रुंद आणि ३० मायक्रॉन जाडीची पॉलिथिनची पातळ चकती घ्या. तिचे वजन पाव ग्रॅमहून थोडेच जास्त, सुमारे ०.२८ ग्रॅम भरते. ती १ मिलिमीटर बाजूच्या चौकोनांत फाटली तर त्या तुकड्यांची संख्या होते १०,०००. आता हे तुकडे १ किलो कोरड्या खतात आहेत असे समजा. युरोपीय संघाच्या २०१९ च्या खतविषयक नियमांनुसार कंपोस्टमध्ये २ मिलिमीटरपेक्षा मोठे प्लास्टिक किलोमागे ३ ग्रॅमपर्यंत चालते, आणि १६ जुलै २०२६ पासून ही मर्यादा २.५ ग्रॅम करण्याची तरतूद त्यातच आहे.  माझ्या उदाहरणातले खत या मर्यादेत सहज बसते, कारण ०.२८ ग्रॅम हे ३ ग्रॅमच्या एक दशांशाहूनही कमी आहे. शिवाय तुकडे २ मिलिमीटरच्या आतले असल्याने मोजणीत ते येणारच नाहीत. तीच चकती अखंड राहिली असती तर मोजली गेली असती. प्लास्टिक जितके बारीक होते तितके ते नियमाला दिसेनासे होते आणि गांडुळाच्या तोंडात जाण्याजोगे होते. वजनाची मर्यादा निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही, कारण तिच्यामुळेच मोठ्या प्रकल्पांना कचरा आधी वेगळा करणे भाग पडते. पण ‘मर्यादेच्या आत’ याचा अर्थ ‘प्लास्टिक नाही’ असा कोणी घेऊ नये.

ढिगात प्लास्टिकचे नेमके काय होते, हे समजून घेतले की पुढचे बरेच काही आपोआप उलगडते. सालीतला सेल्युलोज, स्टार्च आणि प्रथिने तोडण्यासाठी लागणारी विकरे (एन्झाइम) बुरशी व जीवाणू यांच्याकडे कोट्यवधी वर्षांपासून आहेत. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन यांच्या रेणूंचा कणा म्हणजे कर्बाला कर्ब जोडत गेलेली अखंड लांब साखळी असते. तिच्यात विकरांना धरायला सोयीचा सांधा नसतो आणि साखळी इतकी लांब असते की ती पेशीच्या आत जाऊच शकत नाही. उन्हातले अतिनील किरण आणि ऑक्सिजन ही साखळी हळूहळू तोडतात, मग प्लास्टिक ठिसूळ होते, पण ढिगाच्या पोटात ऊन नसते. तिथे त्याच्यावर काम करते ती उष्णता आणि आपला खोरे-दाताळे. दर आठवड्याला ढीग वर-खाली करताना ठिसूळ झालेला तुकडा मोडतो, पुन्हा मोडतो आणि बारीक होत जातो. याला विघटन म्हणता येत नाही, कारण पदार्थ तोच राहतो, फक्त त्याचे आकारमान घटते.

म्हणूनच कचरा बारीक करणाऱ्या यंत्राविषयी माझे मत आता ठाम झाले आहे. लहान तुकडे लवकर कुजतात, हे खरे. पण यंत्रात जाण्यापूर्वी ज्या कचऱ्यातून प्लास्टिक हाताने वेचलेले नाही, तो कचरा यंत्रात घालणे म्हणजे दोन बोटांत धरून उचलता येणाऱ्या एका वस्तूचे शेकडो न दिसणारे तुकडे स्वतःच्या हाताने करणे होय. एखाद्या वसाहतीत सामूहिक खतप्रकल्प असेल, तर तिथे सर्वांत मोलाची जागा यंत्रापूर्वीचे वेचणीचे टेबल हीच आहे, आणि त्या टेबलावर काम करणाऱ्या माणसाला हातमोजे, प्रकाश आणि पुरेसा वेळ मिळायलाच हवा. घाईत केलेली वेचणी पुढे चाळणीने भरून निघत नाही.

सर्वांत जास्त मनस्ताप मला कंपोस्टेबल पिशव्यांनी दिला. डब्याला आतून लावायला अशी पिशवी मी चार वर्षे वापरत होते, कारण तिच्यावर पान छापलेले होते आणि ‘कंपोस्टमध्ये विरघळते’ असे लिहिलेले होते. शंका आल्यावर मी त्या पिशवीचे तळहाताएवढे पाच तुकडे कापले, तांब्याच्या बारीक जाळीत वेगवेगळे गुंडाळले, प्रत्येकाला तार बांधली आणि ढिगाच्या निरनिराळ्या भागांत पुरले. सहा महिन्यांनी तारा ओढून जाळ्या उघडल्या. मधोमध, जिथे ऊब जास्त होती, तिथले दोन तुकडे खरोखर दिसेनासे झाले होते आणि जाळीला थोडासा चिकट अंश तेवढा लागला होता. कडेच्या तीन तुकड्यांपैकी एक जवळजवळ अखंड होता आणि दोघांच्या नखाएवढ्या चिंध्या झाल्या होत्या. चिंध्यांवरची हिरवी छपाई अजून ओळखू येत होती.

याचे कारण प्रमाणपत्रातच आहे, फक्त ते वाचावे लागते. औद्योगिक कंपोस्टिंगसाठी युरोपात वापरले जाणारे ईएन १३४३२ हे मानक असे सांगते की १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर मूळ पदार्थाचा १० टक्क्यांहून जास्त भाग उरता कामा नये आणि ६ महिन्यांच्या आत ९० टक्के जैविक विघटन झाले पाहिजे. विघटनाची प्रयोगशाळेतली चाचणी साधारण ५८ अंश सेल्सिअसला सतत ठेवून केली जाते. मोठ्या प्रकल्पातल्या ढिगाला ही ऊब आठवडेच्या आठवडे टिकवता येते. घरचा ढीग आकाराने लहान असतो, तो दोन-चार दिवस तापतो आणि मग भोवतालच्या हवेइतका होतो. कंपोस्टेबल प्लास्टिकमध्ये वापरले जाणारे पॉलिलॅक्टिक आम्ल, ज्याला पीएलए म्हणतात, ते साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि त्या तापमानाला पाणी त्याच्या साखळ्या झपाट्याने तोडू लागते. २५ अंशांना तोच पदार्थ वर्षानुवर्षे धीर धरून बसतो. घरगुती कंपोस्टिंगसाठी कमी तापमानाची वेगळी मानके आहेत, उदाहरणार्थ ऑस्ट्रेलियाचे एएस ५८१०, पण तेवढ्यावर विसंबूनही चालत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ब्रिटनमधल्या सर्वसामान्य नागरिकांकडून त्यांच्या घरच्या ढिगांत प्रयोग करून घेतले आणि २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. घरगुती कंपोस्टिंगला योग्य म्हणून प्रमाणित केलेल्या प्लास्टिकपैकीही ६० टक्के पूर्णपणे विरून गेले नव्हते. माझे जाळीतले तुकडे त्या निष्कर्षांहून वेगळे काही सांगत नव्हते. यांशिवाय ऑक्सो-विघटनशील म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्या निराळ्याच. त्यांत साध्या पॉलिथिनमध्ये ते लवकर ठिसूळ व्हावे म्हणून धातूंचे क्षार मिसळलेले असतात, म्हणजे त्या मुळातच तुकडे होण्यासाठी बनवलेल्या असतात. युरोपीय संघाने २०२१ पासून असे प्लास्टिक बाजारात आणण्यास बंदी घातली, ते योग्यच झाले.

आता माझ्या डब्याला वर्तमानपत्राची घडी असते. ती ओली होते आणि तळाशी चिकटते, म्हणून डबा रोज विसळावा लागतो. पिशवीने वाचवलेले कष्ट ते एवढेच होते.

या सगळ्या शोधात मला स्वतःच्या खताच्या जागेकडे पाहायला उशीर झाला. थाळ्यात रोज चाचपूनही पुढच्या चाळणीला निळे, चपटे, फितीसारखे तुकडे निघतच राहिले. घरात तसल्या निळ्या रंगाची वस्तू नव्हती. भिंगातून पाहिले तर प्रत्येक तुकड्याच्या दोन कडा अगदी समांतर होत्या आणि बाकीच्या दोन कडांना पिंजलेल्या सुतासारखे तंतू सुटलेले होते. ते विणलेल्या पट्ट्यांचे अवशेष होते. ढिगावर पाऊस पडू नये म्हणून मी पॉलिप्रॉपिलीनची जुनी निळी गोणी उलगडून झाकत असे. दोन उन्हाळे ती उघड्यावर होती. हाताने चुरगाळली तेव्हा वाळलेल्या पापडीसारखी कुरकुरली आणि तळहातावर निळा भुगा उरला. कचऱ्यातल्या सगळ्या स्टिकरांनी आणि कोपऱ्यांनी मिळून जेवढे प्लास्टिक माझ्या खतात घातले असेल, त्यापेक्षा जास्त त्या एका झाकणाने घातले, असे माझे अनुमान आहे. ज्यांचे खत हिरव्या जाळीखाली, ताडपत्रीखाली किंवा उन्हात पांढरट पडलेल्या प्लास्टिकच्या पिंपात होते, त्यांनी एकदा त्या वस्तूवर नख ओढून पाहावे. नखाला पूड लागली तर ती वस्तू बदलायची वेळ होऊन गेलेली आहे. मी आता ज्यूटचे पोते वापरते. ते दरवर्षी कुजते आणि कुजले की त्याच ढिगात जाते.

खतात प्लास्टिक आहे की नाही हे घरी पाहण्याचा एक ढोबळ मार्ग आहे. पाण्यात जेवढे विरघळेल तेवढे मीठ घातले की त्या द्रावणाची घनता १.२ च्या आसपास जाते. वाळूचे आणि मातीचे कण त्यात बुडतात, कारण त्यांची घनता २.६ च्या घरात असते. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टायरीन आणि नायलॉन वर येतात. मी काचेच्या उंच भांड्यात मूठभर खत या द्रावणात ढवळून रात्रभर ठेवते आणि सकाळी वरचा थर पांढऱ्या कापडावर गाळते. त्यात काड्या आणि सालींचे अंशही तरंगत येतात, म्हणून शंकास्पद कणाला तापवलेल्या सुईचे टोक लावून पाहते. प्लास्टिक आकसते किंवा सुईला चिकटून तार काढते, तर वनस्पतीचा तुकडा करपतो. या मार्गाची मर्यादा मोठी आहे. पॉलिएस्टर आणि पीव्हीसी यांची घनता १.४ च्या जवळपास असल्यामुळे ते मिठाच्या पाण्यात तळाशी जातात, म्हणजे कपड्यांचे तंतू यात सापडत नाहीत. प्रयोगशाळेत त्यासाठी झिंक क्लोराइडसारखी जड द्रावणे वापरतात, सेंद्रिय भाग हायड्रोजन पेरॉक्साइडने जाळून टाकतात आणि उरलेल्या कणावर अवरक्त किरण सोडून तो कोणत्या प्लास्टिकचा आहे हे ओळखतात. घरच्या भांड्याने एवढेच कळते की आपण ज्याला काळे सोने म्हणतो त्यात रंगीत ठिपके आहेत की नाहीत. माझ्या पहिल्या मुठीत अकरा निघाले होते.

मातीत गेल्यावर हे कण स्वस्थ पडून राहत नाहीत. रिलिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की पृष्ठभागावर टाकलेले पॉलिथिनचे कण गांडुळे खाली नेतात आणि सर्वांत लहान कण सर्वांत खोल जातात. नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन इथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये गांडुळांच्या खाद्यात पॉलिथिनचे कण मिसळले, तेव्हा जास्त प्रमाणाच्या गटांत त्यांची वाढ मंदावली आणि मृत्यू वाढले. ती प्रमाणे कोणत्याही बागेच्या मातीपेक्षा कितीतरी पट मोठी होती, हे इथे सांगितलेच पाहिजे, नाही तर वाचणारा उगाच धास्तावेल. पॉलिएस्टरच्या तंतूंमुळे मातीच्या ढेकळांची घडण आणि पाणी धरून ठेवण्याची रीत बदलते, असेही प्रयोगांत दिसले आहे. २०२० मध्ये गहू आणि लेट्यूस या पिकांवर झालेल्या प्रयोगात, मुख्य मुळातून उपमूळ फुटते त्या जागी पडणाऱ्या बारीक भेगेतून अतिसूक्ष्म कण आत शिरल्याचे आढळले. हे कण माझ्या भिंगाच्या आवाक्याबाहेरचे आहेत. पण आजचा दिसणारा तुकडा हाच उद्याच्या न दिसणाऱ्या कणांचा साठा असतो, म्हणून दिसतो आहे तोवर त्याला उचलण्याचे मोल मला फार वाटते.

हे वाचून कोणी खत करणे थांबवले तर मला अतिशय वाईट वाटेल. ओला कचरा कचराभूमीत दाबला गेला की हवेविना कुजतो आणि मिथेन सोडतो. मातीतला सेंद्रिय कर्ब मात्र उणाच राहतो. आणि आपल्या घरच्या ढिगाची एक बाजू अशी आहे, जी कोणत्याही मोठ्या प्रकल्पाला लाभत नाही. तिथे हजारो घरांचा कचरा एकत्र येतो आणि कोणाचा कोपरा कोणी कापला हे कधीच कळत नाही. इथे कचरा टाकणारा, कुजवणारा आणि खत वापरणारा एकच असतो. चूक सापडली तर ती दुसऱ्या दिवशी सुधारता येते.

ज्या खतात तो अर्धा स्टिकर गेला, त्यातले उरलेले मी शोभेच्या झाडांच्या दोन मोठ्या कुंड्यांत भरले, कारण त्यांची माती पावसाने वाहून जात नाही आणि त्यात खायचे काही लावलेले नाही. वाफ्यांत गेलेला हिस्सा परत काढता आला नाही. पावसाळ्यानंतर वरची माती धुपली की एखादा रंगीत ठिपका उघडा पडतो, तेव्हा तो वेचते. चाळणीवर निघणारे तुकडे मी काचेच्या बरणीत ठेवते आणि बरणीवर चाळणीची तारीख लिहिते. पहिल्या बरणीत ६१ तुकडे आहेत. या महिन्यातल्या चाळणीच्या बरणीत ९ आहेत. त्यांपैकी एक टी-बॅगचा पापुद्रा आहे, दोन घासणीचे हिरवे धागे आहेत आणि सहा तुकडे निळे आहेत. गोणी काढून टाकून वर्ष झाले.